पाठ करून खाल्लेली भाकरी

लग्न झाल्यावर पहिले सात महिने मी बायकोकडे पाठ करून जेवलो. हे वाक्य लिहिलं आणि कागद दोन दिवस उशीखाली ठेवून दिला, कारण घरात नातसुना वावरतात आणि त्यांना लिहितावाचता येतं. पण ऐंशीच्या पुढं गेल्यावर लाजून कुणाचं भलं होणार आहे? तर माझं तोंड असायचं चुलीशेजारच्या भिंतीकडं. तिला मातीचा गिलावा होता आणि गिलाव्यात भुसाच्या काड्या होत्या. कोणती काडी कुठं आहे हे मला अजून सांगता येईल. मागून बांगड्या वाजायच्या, खांद्यावरून एक हात पुढं यायचा, ताटात भाकरी पडायची, हात परत जायचा. कधी हुलग्याचं शेंगोळं असायचं, कधी येसराची आमटी, कधी नुसता ठेचा आणि मेंढीचं दूध. हात मात्र तोच. त्या हाताच्या मालकिणीचं नाव साळू आहे आणि ती माझी लग्नाची बायको आहे, एवढी माहिती मला होती. चेहरा म्हणाल तर अंतरपाट खाली आला तेव्हा मुंडावळ्यांतून पाहिला होता तेवढाच.

धारूरच्या डोंगराखाली आमचं गाव. चार पांडाचं, म्हणजे तुकडाभर रान आणि पन्नाससाठ मेंढरं, हा आमचा संसार. मेंढवाडा दाराशीच असल्यामुळं घरातल्या प्रत्येक वस्तूला लोकरीचा वास यायचा, देवाच्या टाकांनासुद्धा. पहाटे जातं, मग कोकरांचं बें-बें, मग माय मेंढरांवर ओरडायची ते. घरात माणसं तीनच, माय, मी आणि नवी आलेली साळू. मोठ्या साथीत आधी बा गेला, नवव्या दिवशी थोरला भाऊ गेला. भावाचं लग्न होऊन तेव्हा दोन महिने झाले होते, त्याची बायको माहेरी परत गेली. त्या दुखण्यातून घर सावरेपर्यंत माझं लग्न लांबलं आणि मी तेविसाव्या वर्षी बोहल्यावर चढलो. त्या काळी त्याला घोडनवरा म्हणत. साळूचीही आई साथीत गेलेली, पाठची भावंडं वाढवता वाढवता तीही विशी ओलांडून गेली होती. बायका तिला थोराड म्हणायच्या. दोघं असे उशिराचे, म्हणून तरी लवकर शहाणं व्हायला हवं होतं.

पण मला खंडू वस्ताद भेटले होते. गावच्या तालमीचे वस्ताद, माणूस धिप्पाड, आवाज खणखणीत, घरी चांगली काळी जमीन. बायको म्हणे लग्नानंतर वर्षातच माहेरी गेली ती आलीच नाही. का गेली ते कुणी विचारत नसे. तालमीत आम्ही सहा पैलवान होतो, सगळे विशी ओलांडलेले बापे. भाऊ गेल्यावर मला मरणाची इतकी भीती बसली होती की साधी शिंक आली तरी मी देवापुढं जाऊन बसायचो. वस्तादांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं होतं, "भिव्या, तुजा भाऊ साथीनं न्हाई मेला बे. बायकोनं मेला. दोन महिन्यांत सगळं त्येज निघून गेलं, मग साथीला काय, फुंकर मारायचीच बाकी हुती." हे वाक्य माझ्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. लग्न मी मायच्या हट्टानं केलं, पण हळद निघायच्या आत वस्तादांपुढं शपथ घेतली, की चंपाषष्ठीच्या जत्रेतली कुस्ती मारेपर्यंत बायकोचं तोंड बघणार नाही.

वस्तादांचे नियम ऐका. कांदा-लसूण बंद, वांगं बंद, चिंच तर बोलायचीच नाही. बाईमाणूस जिथं बसून उठलं तिथं शंभर अंक मोजून झाल्यावर बसायचं, तोवर म्हणे जागेतली ऊब जात नाही. जात्यावरची ओवी कानावर आली तर कानात बोटं घालून मारुतीचं नाव घ्यायचं. वाटेत लुगडं वाळत दिसलं तर डोळ्यांवर गार पाणी मारायचं, आणि पाणी नसेल तर आल्या पावली परतायचं. एकदा पाटलांकडं लग्न होतं आणि त्यांच्या कुंपणावर सतरा लुगडी वाळत होती. तेव्हा आमच्यातला एक जण सकाळपासून दुपारपर्यंत विहिरीवरच अडकून पडला.

यात कुस्ती कधी व्हायची म्हणाल, तर फार कमी व्हायची. सकाळचा सगळा वेळ वस्ताद आमची स्वप्नं तपासण्यात घालवत. एकेकाला पुढं बसवायचं आणि विचारायचं, "रातच्याला सपनात कोन आलती?" कुणी नाही म्हटलं की, "खोटं बोलतो बे!" आणि शंभर बैठका. मग आम्ही स्वप्नं रचायला लागलो. त्यावरही वस्तादांचे सवाल संपत नसत. लुगडं कोणत्या रंगाचं, काठ कसला, हसली का, कुठून हसली, दारातून का खिडकीतून. सांगता सांगता आमचीच पंचाईत व्हायची. माझा दोस्त उमर घरी बायको आणि दोन लेकरं असलेला माणूस, मागच्या दारानं रोज घरी जायचा आणि सहाही जणांत तोच ताजातवाना दिसायचा. त्यानं एकदा सांगून टाकलं की स्वप्नात तहसीलचा पेशकार आला होता. वस्ताद बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "त्येच्या मागं कोन हुती?"

आणि दुर्बीण. जमिनीची मोजणी करायला आलेल्या कुणा माणसाकडून वस्तादांनी ती मिळवली होती. पितळेची, तीन नळ्या एकात एक सरकणारी. तालमीच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, ओढा दिसायचा आणि ओढ्यावर बायका धुणं धुवायच्या. आमच्यापैकी कुणी तिकडं फिरकू नये म्हणून वस्ताद रोज तिथं पहारा द्यायचे. ऊन असो, वारा असो, उताणं पडायला वेळ नाही की पाणी प्यायला नाही, डोळ्याला नळी ती नळी. आम्ही म्हणालो, वस्ताद, आम्ही पाळी लावतो, तुम्ही दमता. ते म्हणाले, "न्हाई बाबांनो. तुमची मनं कच्ची हायत. हे पाप मलाच बघू द्या." आम्हाला गहिवरून आलं. केवढा त्याग, असं मी मनाशी म्हणालो. आता हे लिहिताना मला हसू येतं, आणि मग हसू येत नाही.

कारण साळूनं मला सांगितलं होतं. श्रावणातली गोष्ट. मी भिंतीकडं तोंड करून जेवत होतो आणि मागून हाताबरोबर आवाजही आला, "अवं, ऐकताव का? तुमचा वस्ताद आमाला धुनं धू देत न्हाई."

"त्ये राखण करत्यात," मी भिंतीला सांगितलं.

"कशाची?"

"तुमची."

ती म्हणाली, "आमची राखण, आमालाच बघून? सोनाबाई आता वढ्यावर येतच न्हाई. भर दुपारी चटक्यात जाती, कुनी नसताना. पदर किती बी ओढला तरी अंगावर काय तरी चालतंय असं वाटतंय म्हनती." सोनाबाई म्हणजे आमच्या शेजारची विधवा, चार शेळ्यांवर जगणारी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात. मी घास गिळला आणि म्हणालो, "त्यास्नी लई कळतं." मागचा हात परत गेला तो त्या दिवशी पुन्हा आला नाही. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणाची उत्तरं दिली, काही तर सरकारदरबारी दिली, पण एवढं वाईट उत्तर दुसरं दिलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला माझी झोप उडाली. डोकं गरगरायला लागलं. बायकोचा विचार करायचा नाही हे लक्षात ठेवण्यासाठी सतत बायकोचाच विचार करावा लागे. बांगडी वाजली की गुडघे कापायचे. तेज साठून साठून उतू चाललं असावं, अशी माझी समजूत. धारूरला एक म्हातारे हकीम होते, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी नाडी धरली.

"शादी हुई?"

"झाली."

"बीवी मायके गई क्या?"

"न्हाई, घरातच हाय."

"झगडा हुआ?"

"झगडा कशाचा? अजून त्वांडच बघितलं न्हाई." आणि मी वस्तादांची सगळी हकिगत सांगितली. हकिमांनी माझी नाडी सोडली आणि स्वतःचं कपाळ धरलं. म्हणाले, "मियाँ, तुमकू बीमारी कुछ बी नै. तुमकू वस्ताद हो गया है." मग गुलकंदाची पुडी दिली आणि सांगितलं की ही खा, आणि घरी जाऊन बायकोशी चार शब्द बोल. मी गुलकंद खाल्ला.

आता जमादाराकडं येतो. जमादार म्हणजे आमचा एडका. नाकाखाली काळ्या लोकरीच्या मिशा होत्या म्हणून हे नाव, आणि खराखुरा जमादार गावात आला की माय एडक्याला तेवढ्यापुरतं 'पाहुणा' म्हणायची. आमच्यात एडक्याला वर्षातले बरेच महिने पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधून ठेवतात. मेंढी पाच महिने गाभण असते. एडका मोकळा राहिला तर कोकरं ऐन उन्हाळ्यात पडायची. तेव्हा रानात हिरवं पान नसतं, आईला दूध नसतं आणि कोकरं मरतात. म्हणून पडदा. आषाढात रान हिरवं झालं की माय एडक्याला हळदकुंकू लावायची, दोरी सोडायची आणि वाडीभर घुगऱ्या वाटायची. त्या आषाढातही ती दोरीला हात घालणार तेवढ्यात वस्ताद दारात हजर. त्यांनी तो पडदा आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सातशे बैठका मारून जे साधत न्हाई, ते ह्या गोणपाटात साधलंय!"

दुसऱ्या दिवशी आम्हा सहा जणांना गोणपाटाचे लंगोट मिळाले. तीन दिवस आम्ही ते नेसलो. चौथ्या दिवशी उमर म्हणाला, "वस्ताद, इससे ब्रह्मचर्य नै होता, खरूज होती," आणि तो विषय तिथंच मिटला. पण जमादार सुटला नाही. जत्रेतल्या एडक्यांच्या टकरीसाठी तो वस्तादांना हवा होता, ब्रह्मचारी एडका. असा एडका साऱ्या निजामाच्या मुलुखात नसेल, असं ते म्हणाले. मायनं कपाळाला हात लावला. मी तिचं न ऐकता एडका तालमीत नेऊन बांधला आणि मायला दुसऱ्या कळपातला म्हातारा एडका मागून आणावा लागला.

जमादाराला रोज हरभरे, गूळ आणि वस्तादांचं प्रवचन मिळू लागलं. आश्विनापर्यंत तो बिघडला. आधी खांबाला टकरा द्यायला लागला, मग पाण्याच्या डोणीला. मग तो मल्लखांबाकडं प्रेमानं बघू लागला. चाऱ्याच्या गठ्ठ्याला तो सोडेना, खोऱ्याच्या दांड्याला सोडेना. चेंबलेली घागर उचलली म्हणून त्यानं उमरला तालमीभर पळवलं. वस्ताद म्हणाले, "बघा बे, ह्येला म्हनत्यात त्येज!"

एके दिवशी माय माझी भाकरी घेऊन तालमीत आली. बाईमाणसाला आत मज्जाव होता, पण मायला अडवायला कुणी धजलं नाही. ती बराच वेळ जमादाराकडं बघत उभी राहिली. मग माझ्याशेजारी मातीत बसली.

"ह्ये त्येज न्हाई रं भिवा. ह्ये पिसं हाय, येड हाय."

"वस्ताद म्हनत्यात..."

"वस्तादानं किती मेंढरं राखली? मी ल्हानपनापासनं राखते. चांगला एडका कसा ऱ्हातो सांगू? मेंढीजवळ येतो, आदी वास घेतो, हुबा ऱ्हातो. मेंढी सरकली की त्यो बी गुमान चरायला लागतो. तिची मर्जी आसंल तर येती. चार दिवस झालं की झालं, पुना वरीसभर चरतो, हिंडतो, कोकरात बसतो. ह्येला बग. ह्येला मेंढी दिसत न्हाई, खांब दिसत न्हाई, घागर दिसत न्हाई. भुकेल्या मान्साला भाकर दिसती. ह्येला निस्ती भूकच दिसती." मग ती तालमीच्या माळवदाकडं बघून म्हणाली, "आनि त्येला बी." वर वस्ताद पालथे पडले होते, नळी ओढ्याकडं.

मी चिडलो. म्हणालो, "मग दादा कावून मेला? दोन महिन्यांत?"

मायचं तोंड एकदम उतरलं. हे माझ्या पोटात होतं हे तिला माहीतच नव्हतं. "त्येला ताप आलता," ती म्हणाली. "तुज्या बाला आलता तसाच ताप. तुज्या बाचं लगीन हून तीस वर्सं झालती. ताप आलता रं लेकरा, ताप." आणि ती रडली. साथीनंतर तिला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. तरीही शपथ मोडायचा धीर मला झाला नाही. भीती काही खऱ्याखोट्यानं जात नाही, एवढं मात्र मला तेव्हापासून कळतं.

चंपाषष्ठीला सकाळीच माझे सासरे केजकडून बैलगाडी घेऊन आले. आले ते ओसरीवर टेकलेसुद्धा नाहीत. माझं पाठ करून जेवणं त्यांच्या कानांवर गेलं होतं. मायला म्हणाले, "विहीनबाई, पोर न्यायला आलोय. पंच बशीवतो, काडी मोडतो. नांदवायची नव्हती तर केली कशाला?" साळू तुळशीशेजारी उभी होती, तिचे पाय मला दिसले. तिनं बोचकं बांधून ठेवलं होतं. माय त्यांच्या पायाशी पदर पसरून म्हणाली, "दिवस मावळायच्या आत न्या. तवर जत्रा बघा, माजी एवढी मागनी हाय." सासरे थांबले. मी लंगोट खांद्यावर टाकून निघालो आणि छातीत असं काही दुखत होतं की ते तेज नक्कीच नव्हतं.

खंडोबाच्या माळावर माणसांचा समुद्र. बायका देवळाच्या उतारावर, पुरुष खाली रिंगणाभोवती, भंडाऱ्यानं सगळ्यांची डोकी पिवळी. वस्ताद रिंगणाच्या काठाला एका दगडावर उभे, अंगावर कोरी काळी घोंगडी आणि हातात दुर्बीण. जत्रेतही पहारा चुकवायचा नाही. मांजरसुंब्याकडचा एक दांडगा एडका समोरून सोडला आणि इकडून जमादार सोडला. हलगी कडाडली. समोरचा एडका खुर आपटत आला. जमादारानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. तो मधोमध थांबला आणि हवेत नाक धरून वास घेऊ लागला. नेमकं त्याच वेळी वस्तादांच्या हातून दुर्बीण निसटली आणि ती उचलायला ते खाली वाकले. दोन्ही हात मातीत, वर कोरी लोकरीची घोंगडी. पाच महिने ज्याचा पडदा सुटायचा राहिला होता त्या जमादाराला आणखी काय हवं होतं?

पुढचं मी सभ्यपणानं लिहितो. गोणपाटाचा पडदा होता म्हणून वस्तादांची अब्रू वाचली. ते "आरं आरं" करत रिंगणाभोवती पळाले, मागं जमादार, मागं हलगीवाला, कारण वाजवणं थांबवावं की नाही ते त्याला कळेना. पोलिसांचे अमीनसाहेब बंदोबस्ताला खुर्ची टाकून बसले होते, त्यांच्या खुर्चीखालून दोघंही गेले. तिसऱ्या फेरीला वस्ताद लिंबाच्या झाडावर चढले आणि जमादार खाली उभा राहून वर बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत मी असा जिव्हाळा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात उतारावर कुणीतरी हसलं. आधी एकच हसू, मोकळं, पोटातून आलेलं. मी कधी न ऐकलेला आवाज, पण बांगड्या ओळखीच्या. माझी मान आपोआप वळली. साळू खाली उतरून आली होती आणि धुळीतली दुर्बीण उचलत होती. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण, हसताना मिटणारे डोळे. मी बघत राहिलो. मग आठवण झाली म्हणून गुडघे चाचपून पाहिले. जागेवर होते.

तिनं दुर्बीण पदरानं पुसली, डोळ्याला लावली आणि झाडावर रोखली. "अगं बया, दात किडल्यालं बी दिसत्यात की ह्यातनं!" बायका धावत आल्या. हिला दे, तिला दे, एकीमागं एक ओळ लागली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या सावकाश, निवांत बघू लागल्या. वर वस्तादांनी घोंगडी तोंडावर ओढली, मग पायांवर ओढली, दोन्ही झाकेना. ते ओरडायला लागले, "बघू नका गं! बायांनो, पाया पडतो, बघू नका! अंगावर कसंतरीच हुतंय!"

ओळीत शेवटी सोनाबाई होती. तिनं नळी डोळ्याला लावली आणि खूप वेळ पाहिलं. ती हसली नाही. नळी खाली घेऊन शांतपणे म्हणाली, "आमाला बी असंच हुतंय, वस्ताद." माळावरचं हसू बसलं. मी मान खाली घातली, कारण हे वाक्य मला श्रावणातच ऐकायला मिळालं होतं.

मायनं पुढं होऊन जमादाराची दोरी कापली. गोणपाट गळून पडलं. त्यानं अंग झाडलं, झाडाकडं एकदा बघितलं आणि खाली मान घालून चरायला लागला. वैशाखात आमच्या काही मेंढ्यांना अवेळी कोकरं झाली आणि मायनं त्यांना कडबा-पाला घालून जगवलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी माझी कुस्ती राहिली होती, तीही झाली. समोरचा पैलवान केजचा, चार लेकरांचा बाप. बायको त्याचा फेटा सांभाळत काठावर बसली होती आणि लेकरं "बा, धर, बा, पाड" म्हणत होती. सात महिन्यांचं साठवलेलं सगळं तेज घेऊन मी त्याच्या अंगावर गेलो आणि हलगीवाला तोंडाची विडी पेटवेपर्यंत आकाशाकडं तोंड करून पडलो होतो.

तसाच माती झाडत गाडीकडं गेलो. बैल जुंपले होते. साळू गाडीत बसली होती आणि मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो.

"कावून पाठ करून जेवत हुता?" तिनं विचारलं.

मी भावाचं सांगितलं, वस्तादांचं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते इतकं खुळचट वाटायला लागलं की शेवटचं मी बैलाच्या शिंगाकडं बघून सांगितलं. ती ऐकत होती. मग तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, माज्यातच काय तरी वंगाळ हाय. रोज हांड्याच्या पान्यात त्वांड बघत हुते. वास येतो का म्हनून घासून घासून आंग सोललं. सात महिनं, अवं. एकदा इचारायचं तरी."

मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण सासरे कासरा धरून बघत होते. मी म्हणालो, "ऱ्हा. चुकलं माजं."

"न्हाई," ती म्हणाली. "आज म्या जानार. संक्रांत झाल्यावर या. आदी तालमीच्या माळवदाचा जिना काढा. मग या. काडी मोडायची का न्हाई ते तवा सांगते." सासऱ्यांनी बैल हाकलले.

जिना मी आणि उमरनं दुसऱ्याच दिवशी काढला आणि माळवदाला ओढ्याच्या बाजूनं पुरुषभर भिंत घातली. आम्ही काम करताना वस्ताद खाली बसून बघत होते. मला त्यांचा राग होता आणि आजही आहे, सोनाबाईच्या दुपारी आठवल्या की येतो. पण उतरत्या वयात त्यांची कीवही येते. त्या माणसाला आयुष्यात कधी कुणाजवळ बसून दोन शब्द बोलता आले नाहीत. बायकोशीही नाही. जे मनातून घालवायचं त्याचाच त्यांनी दिवसभर जप केला. दुर्बीण सोनाबाईनं नेली. डोंगरात चुकलेल्या शेळ्या ती पुढं कितीतरी वर्षं त्या नळीतून शोधायची.

संक्रांत झाल्यावर मी केजकडं गेलो, डोक्यावर मायनं दिलेलं तिळगुळाचं गाठोडं. सासऱ्यांनी फक्त "बसा" म्हटलं. साळूनं दोन ताटं वाढली, हुलग्याचं शेंगोळं आणि बाजरीची भाकरी, एक माझ्यासमोर ठेवलं आणि दुसरं घेऊन बसली. माझ्याकडं पाठ करून. भिंतीकडं तोंड करून ती शांतपणे जेवू लागली. मी ताटाला हात लावला नाही. तिची वेणी, मानेवरचा काळा दोरा, घासागणिक हलणारा खांदा, एवढंच दिसत होतं. मी तिला हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क मी भिंतीला देऊन बसलो होतो. भाकरी संपत आली. मला वाटलं, झालं, आता ती उठेल आणि पंच बोलावतील.

शेवटचा चतकोर हातात घेऊन ती वळली. माझं भरलेलं ताट बघितलं, माझं तोंड बघितलं. चतकोर मोडून अर्धा माझ्या ताटात टाकला.

"खावा आता," ती म्हणाली. "बघून खावा."